सरकार नावाचं गिऱ्हाईक

आमचं घर दुकानदारीचं. नवा माल ठेवायचा म्हटला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. याला पक्कं गिऱ्हाईक कोण? एखादं मोठं घर दर महिन्याला इतके किलो उचलणार हे नक्की असलं, की पोतं मागवायला भीती वाटत नाही. मग बाकीचे लोक बघून बघून येतात. पण ते पहिलं गिऱ्हाईक नसेल, तर माल कितीही चांगला असो, पोत्याला कीड लागायची वेळ येते.

बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. राजे, तह, लढाया, व्हाइसरॉय सगळं पाठ केलं. पण सरकार हेसुद्धा एक गिऱ्हाईक असतं आणि ते काय विकत घेतं यावर बाजाराची दिशा ठरते, हे कुठल्या पुस्तकात आलं नव्हतं. ते मला पुढे समजलं, तेही पेट्रोल-डिझेलच्या निमित्ताने.

कमी धूर करणारं, कमी कार्बन सोडणारं नवं इंधन बाजारात येतं तेव्हा ते महाग असतं आणि सगळीकडे मिळत नाही. पंपवाला म्हणतो, गाड्याच नाहीत तर मी टाकी कशाला बसवू? गाडीवाला म्हणतो, पंपच नाही तर मी गाडी कशाला घेऊ? दोघंही खरं बोलतात आणि काम अडून बसतं. अशा वेळी कायद्याने सरकारच्याच खात्यांना सांगायचं की तुमच्या बस, जीप, कचऱ्याच्या गाड्या, रुग्णवाहिका यांच्यासाठी तुम्ही हेच इंधन घ्यायचं. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक सरकारने व्हायचं. ही युक्ती जगात बऱ्याच ठिकाणी झाली, आपल्याकडेही वेगवेगळ्या नावांनी झाली. कुठे फळली, कुठे फसली. तिचा इतिहास आज सांगते, कारण आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या दाराशी तो प्रश्न येऊन उभा आहे.

आमच्या या दोन तहसिलींची गंमत आधी सांगायला हवी. पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्यांना फक्त जाम नदीतली गोटमार आठवते. पण इथे संत्र्याच्या बागा आहेत, कापूस आहे, मका आहे, आणि घराघरात मराठी आहे. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. दवाखाना, लग्नाची खरेदी, पोरांचं कॉलेज यासाठी आजही पाय नागपूरकडेच वळतात. ५ ऑक्टोबर २०२३ला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर आमच्या जिल्ह्यात आलं. कलेक्टर आले, ऑफिसं आली, ऑफिसांच्या गाड्या आल्या. त्या गाड्यांत काय भरायचं हे कोण ठरवतं, हा विचार मात्र चौकात कोणी करताना दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोल रेशनवर गेलं. तेव्हा देशभर बसच्या मागे लोखंडी भट्टी बसवून त्यात लाकडी कोळसा जाळत आणि त्याच्या गॅसवर बस चालवत. जुनी माणसं तिला कोळशाची मोटार म्हणत. चढावर ती दमायची, प्रवासी उतरून चालायचे, असं माझ्या आजेसासूबाई सांगत. कोणी पर्यावरणासाठी ते केलं नव्हतं. पेट्रोल नव्हतं म्हणून केलं, पेट्रोल आल्यावर सोडून दिलं. जंगलं तोडून कोळसा होत होता, म्हणून ते सुटलं हे एका अर्थी बरंच झालं. पण पेट्रोलवाचून गाडी चालू शकते हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, केंद्राने ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा केला. साखर कारखान्यांत मळी उरते, तिच्यापासून अल्कोहोल बनवायचं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायचं. उत्तर प्रदेशात, म्हणजे तेव्हाच्या संयुक्त प्रांतात, असा कायदा १९४० सालीच झाला होता. यामागे परदेशातून येणाऱ्या तेलाचे पैसे वाचवणं होतं आणि मळीचं काय करायचं ही कारखानदारांची अडचण होती. पुढे तेल स्वस्त झालं, अल्कोहोलला दारूचे आणि रसायनांचे कारखाने जास्त भाव देऊ लागले, आणि कायदा नुसता पुस्तकात राहिला. २००० साली संसदेने तो रद्दही केला. आणि मौज बघा, लगेच २००१ साली सरकारने तेच काम इथेनॉल या नव्या नावाने पुन्हा सुरू केलं. पेट्रोलमध्ये ५ टक्के मिसळून पाहण्याचे पहिले प्रयोग जिथे झाले त्यात आपल्या महाराष्ट्रातली मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणं होती.

जानेवारी २००३ पासून ९ राज्यांत आणि ४ केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के इथेनॉल मिसळणं सुरू झालं. त्या नवांत महाराष्ट्र होता, मध्य प्रदेश नव्हता. म्हणजे तेव्हा नियमाप्रमाणे सावनेरच्या पंपावरचं पेट्रोल एक आणि सौंसरच्या पंपावरचं दुसरं! २००६ साली यादी वाढून २० राज्यांची झाली, तेव्हा आम्हीही त्यात आलो. हे इथेनॉल विकत घ्यायची जबाबदारी कोणावर होती? इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांवर. गिऱ्हाईक ठरलेलं होतं, हुकूम होता. तरी दहा वर्षांनी, २०१३-१४ मध्ये, मिश्रण दीड टक्क्यांच्या आसपासच अडकलेलं होतं.

असं का झालं हे कुठल्याही दुकानदाराच्या बायकोला विचारा. भाव! कंपन्या ज्या भावाने इथेनॉल मागत त्यापेक्षा दारूच्या आणि रसायनांच्या कारखान्यांकडून जास्त पैसे मिळत होते. शिवाय ऊस कमी झाला की मळीही कमी. २००४ मध्ये तर त्या टंचाईमुळे नियमच सैल करावा लागला. डिसेंबर २०१४ पासून सरकारने भाव स्वतः ठरवून दिला, लिटरला ४८ रुपये ५० पैशांपासून ४९ रुपये ५० पैशांपर्यंत. पुढे २०१८ पासून उसाचा रस, मळी, धान्य अशा प्रत्येक मालाच्या इथेनॉलला वेगळा भाव मिळू लागला. मग कारखानदारांनी डिस्टिलऱ्या वाढवल्या, बँकांनी कर्जं दिली. जून २०२२ मध्ये १० टक्के झाले. २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणलं आणि २०२५ मध्ये देश तिथेही पोचला. गिऱ्हाईक तेच आणि हुकूमही तोच होता, फक्त भाव परवडेल असा लागला तेव्हा गाडी हलली.

यात आमच्याकडच्या शेतकऱ्याचाही संबंध आला, तो मक्यामुळे. छिंदवाडा मक्यासाठी प्रसिद्ध आहे. २०२३-२४ पासून देशात इथेनॉलसाठी मका फार मोठ्या प्रमाणात जाऊ लागला. भाव सुधारला म्हणून शेतकरी खूश, आणि कोंबड्यांचं खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले नाराज. जमीन तीच, पाणी तेच. त्यात माणसाचं अन्न किती आणि गाडीचं किती, हा प्रश्न आमच्यासारख्या घरात जेवताना निघाल्याशिवाय राहत नाही. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. पण सरकारने एखादी गोष्ट विकत घ्यायची ठरवली, की शेताच्या बांधापर्यंत हलतं, एवढं यातून दिसतं.

बांधावरून रतनजोत आठवली. महाराष्ट्रात तिला मोगली एरंड म्हणतात. २००३ नंतर काही वर्षं या झाडाचं वेडच लागलं होतं. पडीक जमिनीत लावा, पाणी नको, बियांचं तेल काढा, त्याचं बायोडिझेल करा. रोपवाटिका निघाल्या, भाषणं झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्राने बायोडिझेल खरेदीचं धोरण जाहीर केलं. १ जानेवारी २००६ पासून सरकारी तेल कंपन्या १२ राज्यांतल्या २० केंद्रांवर ते विकत घेणार होत्या. सुरुवातीचा भाव लिटरला २५ रुपये. तेवढ्यात तर ते तयारच होत नव्हतं! केंद्रं उघडी राहिली आणि माल आलाच नाही. झाडाचं पीकही सांगितलं होतं तेवढं निघालं नाही. पडीक जमिनीत लावलेलं झाड पडीक जमिनीसारखंच फळणार, हे शेतकऱ्याच्या घरात कोणालाही माहीत होतं. खरेदी करू असं नुसतं म्हणून भागत नाही. माल कुठून येणार आणि त्याला खर्च किती, हे आधी बघावं लागतं.

आता दिल्लीकडे जाऊ, कारण आपल्या देशात या युक्तीची सगळ्यात मोठी परीक्षा तिथे झाली. दिल्लीची हवा इतकी बिघडली होती की वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली लावलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला शेवटी स्वतः हुकूम द्यावा लागला. २८ जुलै १९९८ रोजी न्यायालय म्हणालं की ३१ मार्च २००१ पर्यंत शहरातल्या सगळ्या बस सीएनजीवर, म्हणजे दाबलेल्या नैसर्गिक गॅसवर, चालल्या पाहिजेत. सरकारच्याही आणि खासगीही. मुदत आली तेव्हा ना पुरेशा बस होत्या, ना पुरेसे पंप. गॅससाठी मैल मैल रांगा लागल्या, लोक थांब्यांवर ताटकळले. मुदत वाढत गेली.

त्याच वेळी एक मराठी नाव या गोष्टीत येतं, डॉ. रघुनाथ माशेलकर यांचं. केंद्राने सप्टेंबर २००१ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचं म्हणणं असं होतं, की किती धूर चालेल त्याची मर्यादा सरकारने घालून द्यावी. ती कोणत्या इंधनाने आणि कोणत्या यंत्राने पाळायची हे गाडीवाल्यावर सोडावं. विचार म्हणून हे चुकीचं म्हणता येणार नाही. आई मुलाला सांगते की दहाला घरी ये. सायकलने ये की चालत ये, ते त्याने बघावं. पण न्यायालयाला भीती होती ती वेगळी. मर्यादा मोजायची कोणी? भेसळीचं डिझेल पकडायचं कोणी? रोज हजारो बस तपासणारा माणूस कुठून आणायचा? गॅसची बस ओळखायला मात्र डोळे पुरतात. ५ एप्रिल २००२ला न्यायालयाने आपला हुकूम कायम ठेवला आणि डिझेलच्या बसला दिवसाला ५०० रुपये दंड लावला, तीस दिवसांनंतर १,००० रुपये. त्याच वर्षाच्या शेवटी शहराच्या सेवेतली डिझेल बस गेली. मुंबईतही १९९९ साली धुराविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाली आणि जुन्या टॅक्सी गॅसवर आल्या.

हे दिल्लीत जमलं, कारण तिथे गिऱ्हाईक मोठं होतं आणि त्याचा कान धरणारं कोणी होतं. सरकार आपल्याच खर्चाचा नियम आपणहून क्वचितच पाळतं. आपल्या घरात बघा, उपास दुसऱ्याला सांगणं सोपं असतं.

नागपूरची गोष्ट मात्र आमच्यातल्या पुष्कळांनी स्वतः पाहिलेली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये नितीन गडकरी यांनी तिथे इथेनॉलवर चालणारी हिरवी बस सुरू केली. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीची बस. स्टॉकहोममध्ये अशा बस ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या. यात इथेनॉल नुसतं मिसळलेलं नसतं. जवळजवळ सगळं इंधनच इथेनॉल, फक्त पेट घेण्यासाठी थोडं दुसरं द्रव्य. मग महापालिकेच्या सेवेत अशा ५५ बस आणायचं ठरलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये सुरुवात झाली. एसी बस, धूर नाही, उसाच्या पट्ट्यातलं इंधन. आमच्या भागातल्या बायका सीताबर्डीला खरेदीला गेल्या की मुद्दाम त्या बसमध्ये बसून यायच्या.

२०१८ मध्ये कंपनीने सेवा थांबवली. थकलेली बिलं, कराचा मुद्दा, कराराच्या अटी यावरून दोन्ही बाजूंत वाद झाला होता. कोणाचं किती चुकलं यात मी पडत नाही. पण यंत्र बिघडलं नव्हतं, इंधन वाईट नव्हतं, प्रवासी नको म्हणत नव्हते. हिशेब तुटला आणि बस उभ्या राहिल्या. दुकानात याला उधारी म्हणतात. मोठं गिऱ्हाईक मिळालं म्हणून माल भरायचा आणि पैसे वेळेवर यायचेच नाहीत, तर सगळ्यात आधी दुकान बुडतं. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये विजेच्या बससाठी ३,४३५ कोटींची हमी योजना मंजूर केली. परिवहन संस्थेने पैसे थकवले तरी बसवाल्याला ते मिळावेत अशी ती व्यवस्था आहे. हमीची गरज का पडली, ते नागपूरच्या त्या वर्षांकडे पाहिलं की कळतं.

अमेरिकेत या युक्तीची आणखी एक बाजू दिसली. १९९२ च्या कायद्यात तिथे ठरलं की केंद्र सरकारच्या खात्यांनी मोठ्या शहरांत नव्या छोट्या गाड्या घेताना, १९९९ पासून, शंभरातल्या ७५ पर्यायी इंधनाच्या घ्यायच्या. खात्यांनी घेतल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत इथेनॉलही चाले आणि पेट्रोलही. जवळ इथेनॉलचा पंप नाही, मग काय, पेट्रोल भरलं! गाडी नव्या इंधनाची, टाकीत जुनंच. कागद मात्र चोख. म्हणून २००५ च्या कायद्यात स्पष्ट लिहावं लागलं, की अशा गाडीत पर्यायी इंधनच भरायचं, आणि ते मिळत नसेल किंवा फार महाग असेल तर रीतसर सूट मागायची.

दोन वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनी आणखी एक कलम घातलं. तेलाला पर्याय म्हणून सरकारी खात्यांनी असं इंधन घ्यायचं नाही, ज्याचा जन्मापासून जळेपर्यंतचा कार्बन साध्या पेट्रोल-डिझेलपेक्षा जास्त भरतो. त्या वेळी दगडी कोळशापासून विमानाचं इंधन बनवायचा विचार तिथल्या हवाई दलात चालला होता. ते तेल परदेशी नसतं हे खरं, पण त्याचा कार्बन तेलाहून जास्त. नवं आहे म्हणजे चांगलंच आहे असं धरून चालू नका, मुळापासून मोजा, असं ते कलम सांगतं.

मुळापासून मोजणं आमच्या दोन तहसिलींना टाळता येत नाही. जवळच परासियाच्या कोळशाच्या खाणी. एका बाजूला सारणीचं वीजघर, दुसऱ्या बाजूला खापरखेडा आणि कोराडीची. विजेची बस रस्त्यावर धूर सोडत नाही, पण तिची वीज कोळशाची असेल तर धूर सारणीच्या चिमणीतून निघतो. तरीही बसस्टँडवर उभ्या असलेल्या लेकरांच्या नाकात तो जात नाही, हा फायदा लहान नाही. आणि वीज उद्या सूर्याची झाली तर तीच बस आपोआप स्वच्छ होते. डिझेलच्या बसचं तसं कधी होणार नाही. आमच्या माताजी विहार करतात तेव्हा याच महामार्गाच्या कडेने अनवाणी चालतात. वाहनाचा त्याग त्यांनी केलेला, आणि धूर मात्र आमच्या वाहनांचा त्यांना घ्यावा लागतो. मुक्तागिरीच्या वाटेवर त्यांच्यामागून चालताना हे फार जाणवतं.

विजेच्या बाबतीत आमच्यासमोरच एक पक्कं उदाहरण आहे, रेल्वेचं. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन सौंसरवरून जायची, आधी वाफेची, मग डिझेलची. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली, रूळ रुंद झाले, आणि आता त्याच मार्गावर विजेची गाडी धावते. रेल्वे हे एकच मोठं सरकारी गिऱ्हाईक. तिने डिझेल सोडायचं ठरवलं आणि काही वर्षांत देशाची जवळजवळ सगळी मोठी लाइन विजेवर आणली. कोणत्याही प्रवाशाला काही करावं लागलं नाही.

रुळाला समांतर जो रस्ता आहे तिथे हे का झालं नाही? कारण तिथे गिऱ्हाईकच उरलं नाही. मध्य प्रदेशचं सडक परिवहन निगम १९६२ साली सुरू झालं. तोटा वाढत गेला आणि २००५ मध्ये सरकारने ते बंद करायचं ठरवलं. रोडवेजची बस गेली. तेव्हापासून आमच्याकडे खासगी बस. कोणाच्या दोन, कोणाच्या चार. डिझेल स्वस्तात स्वस्त कसं पडेल हे त्याने बघायचं, यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पण अशा शंभर मालकांपैकी नवं इंधन पहिल्यांदा घेणार कोण? कोर्टाने कान धरायचा तर कोणाचा?

नागपूरकडून येणाऱ्या एसटीकडे पाहिलं की फरक कळतो. महाराष्ट्राने महामंडळ टिकवलं. तोटे झाले, संप झाले, तरी टिकवलं. म्हणून १ जून २०२२ला पुणे-अहमदनगर मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ सुरू करता आली. १ जून १९४८ला एसटीची पहिली बसही याच मार्गावर धावली होती. आणि १ जानेवारी २०२२ पासून सरकारी खात्यांसाठी नवी गाडी घ्यायची तर ती विजेचीच, असा निर्णयही महाराष्ट्राने केला. सगळं लगेच अमलात येतं असं मी म्हणत नाही. पण हुकूम द्यायला तिथे कोणी आहे, आणि घ्यायलाही.

केंद्राची पीएम ई-बस सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, १०,००० विजेच्या बसची. ती मुख्यतः ३ लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. पांढुर्णा २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्याही आत. म्हणजे ती बस आमच्यासाठी नाही.

पण एक दार उघडलं आहे. १ एप्रिल २०२५ला मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली. वीस वर्षांनी सरकार बसकडे परत येतंय. बस खासगी मालकांच्याच राहणार, पण मार्ग, वेळ आणि नियम सरकारी कंपन्यांच्या करारातून ठरणार. आता कोणी म्हणेल, बस सरकारच्या मालकीची नाही, मग सरकारवरचा नियम तिला कसा लागेल? युरोपने याचं उत्तर २०१९ मध्ये दिलं. २००९ चा त्यांचा नियम सुधारताना त्यांनी सरकारी खरेदीत स्वच्छ गाड्यांचा किमान वाटा प्रत्येक देशाला ठरवून दिला, आणि त्यात ठेक्याने चालणारी बससेवा आणि कचरा उचलणं हेही मोजलं. घरात स्वयंपाकीण ठेवली किंवा बाहेरून डबा लावला, तरी तेल कोणतं वापरायचं हे पैसे देणारा सांगू शकतो.

आमच्या शेजारच्या वहिनी म्हणतात, आधी बस तर येऊ द्या, मग तिच्यात काय भरायचं ते बघू. त्यांचं म्हणणं मला पटतं. खेड्यातल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात जायला संध्याकाळी परतीची बस नाही, तिला कार्बन सांगून काय उपयोग? इंधनाची अट इतकी जड नको की खेड्याची फेरीच रद्द होईल. पण करार एकदा झाला की तो वर्षानुवर्षं चालतो. आज डिझेलची अट मुकाट्याने लिहिली गेली, तर पुढच्या पोरांना ती पुसता येणार नाही. म्हणून आता लिहितानाच थोडं लिहून ठेवावं. दर वर्षी इतक्या बस विजेवर किंवा स्वच्छ गॅसवर. पांढुर्णा आणि सौंसरच्या बसस्टँडवर चार्जिंगची सोय आधी, बस नंतर. किलोमीटरला परवडेल असा भाव, आणि बिल ठरल्या दिवशी. गाडीबरोबर टाकीचाही हिशेब. मिरजेपासून नागपूरपर्यंत आणि दिल्लीपासून अमेरिकेपर्यंत जे जे फसलं, ते यातलं एखादं राहून गेल्यामुळेच.

कलेक्टर ऑफिसच्या गाड्यांपासून तर उद्याच सुरुवात करता येईल. १५ वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवून मिळत नाही. म्हणजे जुन्या जातील आणि नव्या घ्याव्याच लागतील. आमच्या नव्या जिल्ह्यात पुष्कळ गोष्टी पहिल्यांदाच होताहेत. त्यातली गाड्यांची खरेदी कशी होते, याकडे मी आणि माझ्या महिला मंडळाच्या बायका लक्ष ठेवून आहोत. गिऱ्हाईक कसं असावं, हे आम्हाला चांगलं कळतं.